इंदूरला इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष : आल्या दिवसापासून पहिल्या एन्डसेमपर्यंत काय काय करायचं

मी मूळची बुऱ्हाणपूरची, घरी मराठी, आता इंदूरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, कधी भुसावळहून, कधी धुळ्याहून, कधी इथल्याच देवास-धारहून, की ताई सीट मिळाली, आता पुढे काय? सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधीच एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. अभ्यास अवघड असतो म्हणून पहिल्या सेममध्ये (सेमिस्टर, म्हणजे सहा महिन्यांचं सत्र) पोरं अडकतात असं नाही, मागे लागणारं कोणी नसतं म्हणून अडकतात. बारावीपर्यंत आई, क्लासचे सर, टेस्ट सिरीज, कोणीतरी विचारतच असायचं. कॉलेजात लेक्चर होतं, सर जातात, तुम्हाला समजलं की नाही हे मिडसेमच्या (सेमच्या मधली परीक्षा, शेवटची ती एन्डसेम) पेपरापर्यंत कोणालाच कळत नाही, आणि तोपर्यंत अर्धा सिलॅबस झालेला असतो. त्यामुळे जे अडलं ते त्याच आठवड्यात विचारायचं आणि जी फाईल द्यायची ती त्याच आठवड्यात सही करून घ्यायची. खालचं सगळं ह्याच हिशोबाने वाचा.

१. निघायच्या आधी : कागदांची फाईल

काउन्सेलिंगमधून सीट मिळाली की कॉलेजात रिपोर्टिंग करावं लागतं, तिथे ओरिजिनल बघतात आणि झेरॉक्स जमा करून घेतात. सोबत हे ठेवा :

– दहावी आणि बारावीची मार्कशीट
– जेईई मेनचं स्कोअरकार्ड आणि अलॉटमेंट लेटर
– टीसी, आणि बोर्ड बदलत असेल तर मायग्रेशन
– आधार, पासपोर्ट साईज फोटो (भरपूर काढून ठेवा, वर्षभर लागतात)
– एमपीचे असाल तर मूलनिवासी (रहिवासी दाखला) आणि समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंब-नोंदणीचा नंबर)
– जातीचं आणि उत्पन्नाचं प्रमाणपत्र, लागू असेल तर
– मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट
– स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारशी लिंक केलेलं

शेवटची ओळ बरेच जण मनावर घेत नाहीत. स्कॉलरशिपचे पैसे थेट खात्यात येतात आणि आधार लिंक नसेल तर अडकून बसतात, मग सेम चालू असताना बँकेच्या चकरा. हे काम गावीच उरकून या. आणि ओरिजिनल जमा करायला सांगितलं तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका, सगळ्याचं स्कॅन मोबाईलमध्ये आणि मेलवर दोन्हीकडे ठेवा.

एमपीच्या पोरांसाठी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे. बारावीत एमपी बोर्डाचे ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईचे ८५ टक्के, आणि इंजिनियरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला रँक. उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या नियमात बघून घ्या. हा फॉर्म आपोआप भरला जात नाही, तुम्हाला भरावा लागतो आणि पुढे दर वर्षी चालू ठेवावा लागतो. दुसरी ती टीएफडब्ल्यूची (ट्यूशन फी वेव्हर) सीट, त्यात फक्त ट्यूशन फी माफ असते, बाकीच्या फिया भराव्याच लागतात, म्हणून घरी ‘फी माफ झाली’ असं सांगायच्या आधी पूर्ण फी स्ट्रक्चर मागून घ्या.

२. राहायचं कुठे

सगळे सांगतात भंवरकुआंला बघ. भंवरकुआं खरंच सोयीचं आहे, मेस, झेरॉक्स, लायब्ररी, सगळं हाताशी, पण ती जागा पीएससी आणि कोचिंगवाल्यांनी भरलेली असते, भाडं त्यामुळे चढं, आणि तुमचं कॉलेज तिथून लांब असेल तर काही उपयोग नाही. आधी कॉलेज कुठे आहे ते नकाशावर बघा. एसजीएसआयटीएस (१९५२ सालचं, इथलं जुनं आणि नावाजलेलं कॉलेज) शहराच्या मधोमध आहे, स्टेशनपासून जवळ. आयईटी, म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठाचं इंजिनियरिंग कॉलेज, खंडवा रोडवर विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात, तिथल्यांना भंवरकुआं बरं पडतं. प्रायव्हेट कॉलेजं बहुतेक सांवेर रोड, बायपास, राऊ अशी शहराबाहेर आहेत, त्यांच्या बसेस असतात, तर रूम बसच्या स्टॉपजवळ बघायची, कॉलेजजवळ नाही. आयआयटी सिमरोलला आहे, तिथे कॅम्पसवरच राहायचं असतं म्हणून हा प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष हॉस्टेल मिळत असेल तर हॉस्टेलच घ्या. जेवण बेताचं असतं, वेळेचे नियम असतात, हे सगळं मान्य, पण रात्री अकरा वाजता असाइनमेंटमधला प्रश्न अडला तर शेजारच्या खोलीत विचारता येतं, हे रूमवर एकट्याने राहून होत नाही.

रूमच घ्यायची असेल तर मालकांना हे विचारा : नर्मदेचं पाणी किती दिवसांनी येतं (बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं) आणि टाकी किती मोठी आहे, वीज मीटरवर की ठरलेली रक्कम, डिपॉझिट परत कधी, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, मालकांनी फॉर्म मागितला तर घाबरू नका, उलट देत नसतील तर तुम्ही विचारा. आणि ओला कचरा-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय ते इथल्या लोकांच्या शिस्तीमुळे, सकाळी गाणं वाजवत गाडी येते, तेव्हा दोन डबे घेऊन खाली उतरायचं. रस्त्यावर कागद टाकलात तर शेजारचे काकाच टोकतील, आणि बरोबर टोकतील.

३. पहिला आठवडा

इंडक्शन असतं, दीक्षारंभ म्हणतात काही ठिकाणी. भाषणं लांबतात म्हणून पोरं घरी निघून जातात, पण त्याच दिवसांत सेक्शन, लॅबची बॅच, एनरोलमेंट नंबर, क्लासचा व्हॉट्सअप ग्रुप हे सगळं ठरतं, म्हणून थांबा. ह्या आठवड्यात तीनच कामं करा. टाईमटेबलचा फोटो घेऊन कुठली लॅब कुठल्या बिल्डिंगमध्ये ते चालत जाऊन बघून या. लायब्ररी कार्ड काढा, कारण पहिल्या वर्षाची पुस्तकं सुरुवातीच्या पंधरवड्यातच संपतात. आणि आपल्या बॅचमधल्या चार-पाच जणांशी नीट ओळख करा, आपल्याच गावच्या नाही, आपल्याच बॅचच्या. मराठी मुलं इथे एकमेकांना लवकर शोधतात आणि छान वाटतं ते, पण लॅबमध्ये तुमच्या शेजारी जो उभा राहणार आहे तो भिंडचा किंवा सतन्याचा असेल, त्याच्याशी पटलं पाहिजे.

पुस्तकं विकत घ्यायची तर राजवाड्याजवळ खजूरी बाजार. सेकंड हँड मिळतात. पण सिलॅबसचा कोड बघूनच घ्या, जुन्या स्कीमचं पुस्तक स्वस्तात गळ्यात मारतात.

४. मार्क कुठून येतात

हे पहिल्या महिन्यात कळलं पाहिजे आणि बहुतेकांना तिसऱ्या महिन्यात कळतं. आरजीपीव्हीच्या (राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय, इथली बरीच कॉलेजं त्याला जोडलेली आहेत) पद्धतीत थिअरीच्या विषयाचे १०० पैकी ७० एन्डसेमचे, २० मिडसेमचे, १० असाइनमेंट-क्विझचे. एन्डसेमच्या पेपरात आठ प्रश्न असतात, कुठलेही पाच सोडवायचे, प्रत्येकी १४ मार्क. ऑटोनॉमस (स्वतःची परीक्षा स्वतः घेणाऱ्या) कॉलेजचे नियम वेगळे असतात, त्यांची स्कीम त्यांच्या साईटवर असते, प्रिंट काढून भिंतीला लावा.

ह्यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर ३० मार्क एन्डसेमच्या हॉलच्या बाहेरच ठरतात. दुसरं, १४ मार्कांचा प्रश्न म्हणजे लिहायचं असतं. जेईईची सवय ऑप्शन टिक करायची, रफमध्ये उत्तर काढून स्क्रीनवर क्लिक करायचं. इथे स्टेप लिहिली नाही, डायग्राम काढली नाही, तर उत्तर बरोबर असूनही मार्क जातात. कोचिंगमधून आलेल्या हुशार पोरांना पहिल्या मिडसेमला हा झटका बसतो. मागच्या वर्षांचे पेपर मिळतात, ऑगस्टमध्येच काढा, सोडवायला नाही तर नुसते वाचायला, प्रश्न कसा विचारतात ते कळतं.

अटेंडन्स ७५ टक्के लागते. प्रॉक्सीच्या (एकाची हजेरी दुसऱ्याने लावायच्या) नादाला लागू नका, पकडला गेला तर दोघं जातात, आणि खरी आजारपणाची सुट्टी झाली की तेव्हा हे टक्के कामी येतात. आजारी पडलात तर डॉक्टरची चिठ्ठी त्याच आठवड्यात क्लास कोऑर्डिनेटरकडे द्या, सेमच्या शेवटी दिलेली चिठ्ठी कोणी धरत नाही.

५. ड्रॉइंग, म्हणजे इंजिनियरिंग ग्राफिक्स

ह्यावर जास्त लिहिते कारण ह्यात रडलेली पोरं मी सगळ्यात जास्त बघितली आहेत आणि हा विषय खरंतर मार्क देणारा आहे.

सामान : मिनी ड्राफ्टर (बोर्डाला कसून सरळ आणि कोनातल्या रेघा काढायचं साधन), ड्रॉइंग शीट आणि शीट कंटेनर, क्लिपा किंवा टेप, २एच आणि एचबी पेन्सिली, चांगलं खोडरबर, कंपास. ड्राफ्टर सिनियरकडून जुना घ्या, पण घ्यायच्या आधी बोर्डवर लावून हलवून बघा, सांधे ढिले असतील तर रेघ तिरकी येते आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय.

ड्राफ्टर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कसायचा. पट्टी शीटच्या खालच्या कडेला बरोबर लावून मगच स्क्रू घट्ट करायचा, आणि शीट मधे सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. कन्स्ट्रक्शनच्या रेघा २एचने, इतक्या हलक्या की खोडायची गरज पडू नये. शेवटची आऊटलाईन एचबीने, ठसठशीत. सर लांबून शीट बघतात तेव्हा आधी हाच फरक दिसतो.

आता प्रोजेक्शन, म्हणजे वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते शीटवर काढणं. ही चित्रं कुठे मांडायची त्याची फर्स्ट अँगल ही पद्धत आपल्याकडे शिकवतात. नियम पाठ करू नका, हे करून बघा : टेबलावर एक माचिस ठेवा, तिच्यावर एका कोपऱ्यात खोडरबर ठेवा. समोरून बघा, जे दिसतं ते एक्सवाय रेघेच्या (शीटवरची आडवी रेघ) वर काढा. वरून बघा, जे दिसतं ते रेघेच्या खाली. डावीकडून बघा, ते समोरच्या चित्राच्या उजवीकडे. खोडरबराची जागा बदलून परत काढा. अर्ध्या तासात हे हाताला बसतं, आणि मग सॉलिडचे प्रश्न डोळ्यासमोर उभे राहतात.

सगळे अडकतात ते दोन्ही प्लेनला (उभं आणि आडवं प्रतल) तिरक्या असलेल्या रेघेपाशी. तिथे हे ध्यानात ठेवा की ती रेघ ना वरच्या चित्रात खऱ्या लांबीची दिसते ना खालच्या, म्हणून आधी तिला एका प्लेनला समांतर धरायचं, खरी लांबी आणि खरा कोन मिळवायचा, मग फिरवायचं. प्रश्नात दिलेला कोन खरा आहे की दिसणारा, हे पेन्सिल टेकवायच्या आधी ठरवा. अर्धी वर्गातली पोरं इथेच चुकतात, बाकी कुठे नाही.

शीट दर आठवड्याला पूर्ण करून सही घ्या. दुसऱ्याच्या शीटवरून काचेवर ठेवून ट्रेस करायची पद्धत आहे, पोरं त्याला जीटी म्हणतात, ग्लास ट्रेसिंग. करू नका. शीटचे मार्क मिळतात पण परीक्षेत समोर कोरी शीट असते आणि हात चालत नाही.

६. वर्कशॉप आणि लॅब

वर्कशॉपला बंद चामडी बूट आणि ॲप्रन लागतो, मुलींनी केस बांधून, ओढणी नको. फिटिंगचा जॉब सगळ्यांना घाम फोडतो, लोखंडाची एक पट्टी द्यायची आणि घासून काटकोन आणायचा. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना नाही. हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या बाजूला आहेत का बघून घ्या. मधे मधे ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरा, फट दिसते तिथे खोलगट आहे, जिथे उजेड दिसत नाही तिथेच अजून माल आहे. वेल्डिंगच्या वेळी काच नसेल तर बघूच नका, ‘एकदाच बघतो’ म्हणून रात्रभर डोळे चोळत बसलेली मुलं असतात. तिथले इन्स्ट्रक्टर वयाने मोठे असतात, पोरं त्यांना सहज ‘भिया’ (इंदुरी भैया) म्हणून हाक मारतात, तुम्ही सर म्हणा. मनापासून विचारलंत तर हात धरून शिकवतात.

इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये ॲमीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर पॅरललमध्ये, आणि सप्लाय चालू करायच्या आधी सरांना कनेक्शन दाखवायचं. रीडिंग आधी पेन्सिलने, सही झाल्यावर फाईलमध्ये. फाईल दर आठवड्याला. शेवटच्या आठवड्यात एकदम दहा प्रॅक्टिकल लिहून काढणाऱ्याला वायवामध्ये (तोंडी परीक्षेत) ‘हे रीडिंग इतकं का आलं’ एवढं विचारलं तरी सांगता येत नाही.

७. मॅथ्स-वन आणि सी

मॅथ्स-वनमध्येच सगळ्यात जास्त बॅक लागतात, म्हणजे विषय राहतो आणि परत द्यावा लागतो. सुरुवातीचं डिफरन्सिएशन, मीन व्हॅल्यू थिअरम वगैरे बारावीसारखं वाटतं आणि पोरं निर्धास्त होतात. मग बीटा-गामा, डबल इंटिग्रल येतं, आणि तिथून पुढे एक लेक्चर बुडलं की दोन आठवडे काही कळत नाही. डबल इंटिग्रलमध्ये ऑर्डर बदलायची असेल तर आधी भागाचं चित्र काढा, चित्र न काढता लिमिट बदलल्या की चुकणारच. मॅट्रिक्सचं युनिट, रँक, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन, हे हमखास मार्क देणारं आहे आणि आधीच्यावर अवलंबून नाही, त्यामुळे मागे पडला असाल तर इथून सुरुवात करा.

सी शिकताना कोड हाताने कागदावर लिहा, कारण परीक्षेत कागदच असतो. लूपचा प्रत्येक फेरा टेबल करून ट्रेस करा, कुठल्या फेऱ्यात कुठल्या व्हेरिएबलची किंमत काय. बारावीपर्यंत कॉम्प्युटरला हात न लावलेली मुलंही ह्या एका सवयीने वर येतात. लॅपटॉप पहिल्याच महिन्यात घ्यायची घाई नको, लॅबमध्ये मशीन असतात. ब्रँचप्रमाणे सिनियरना विचारा, मग घ्या, कॉम्प्युटरवाल्यांना लवकर लागतो, सिव्हिल-मेकॅनिकलला पुढे जड सॉफ्टवेअर चालवायला लागतात तेव्हा त्या हिशोबाचा घ्यावा.

८. भाषा

लेक्चर हिंदी-इंग्लिश मिसळून चालतं, पेपर बहुतेक जण इंग्लिशमध्ये लिहितात. खानदेशातून मराठी मीडियमने आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे दुहेरी त्रास होतो. माझी रूममेट धुळ्याकडची, ती वहीच्या मागच्या पानांवर रोजचे नवे शब्द लिहायची, समोर तिच्या मराठीत अर्थ, आणि रात्री आईला फोनवर दिवसभर काय शिकली ते मराठीत सांगायची. आईला थर्मोडायनॅमिक्स काय कळणार, पण सांगता सांगता हिचं पक्कं व्हायचं. दिवाळीनंतर ती वर्गात उठून प्रश्न विचारायला लागली. हिंदीत विचारा, मोडकं इंग्लिश बोला, सरांना चालतं. गप्प बसलेलं मात्र चालत नाही.

९. सिनियर, इंट्रो, रॅगिंग

सिनियरशी ओळख हवीच, नोट्स, ड्राफ्टर, कुठल्या सरांना काय आवडतं, हे सगळं त्यांच्याकडूनच मिळतं. नाव-गाव विचारणं, चहा पाजणं इथपर्यंत ठीक. रात्री बोलावणं, उभं ठेवणं, स्वतःच्या फाईली लिहायला लावणं, व्हॉट्सअप ग्रुपवर शिव्या देणं, हे रॅगिंग आहे. ॲडमिशनच्या वेळी तुम्ही आणि पालकांनी अँटी-रॅगिंगचं शपथपत्र भरलेलं असतं ते यूजीसीच्या २००९ च्या नियमांमुळे, आणि तेच नियम तुमच्या बाजूने आहेत. स्क्रीनशॉट ठेवा, वॉर्डन किंवा अँटी-रॅगिंग कमिटीला सांगा, आणि तिथे सांगायची हिंमत होत नसेल तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाईन चोवीस तास चालू असते. घरी नक्की सांगा. ‘बाबांना टेन्शन नको’ म्हणून गप्प राहिलेल्यांचं सगळ्यात जास्त वाईट झालेलं बघितलंय.

तसंच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत. पहिल्या सेमला हे खूप जणांना होतं, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

१०. शहर

सकाळी पोहे-जिलबी, वर शेव आणि जीरावन (इथला मसाला), स्वस्तात पोट भरतं. खायला सराफा रात्री, छप्पन दुकान संध्याकाळी, पण आठवड्यातून एकदा, नाहीतर महिन्याचे पैसे वीस तारखेला संपतात. घरच्यासारखं वरण-भात हवं असेल तर रामबागेकडे, सुदामा नगरात मराठी घरं बरीच आहेत, डबा देणाऱ्या काकू विचारल्यावर सापडतात.

सणांचं आधीच बघून ठेवा. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (सजवलेले देखावे) रात्रभर निघतात, त्या एकदा तरी बघायच्याच, पण नेमक्या मिडसेमच्या आसपास येतात. दुसऱ्या सेममध्ये रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी मोबाईल प्लास्टिकमध्ये आणि जुने कपडे. दिवाळीला घरी जायचं तिकीट टाईमटेबल लागल्या लागल्या काढा, आणि जाताना वह्या घेऊन जा, परत आल्यावर एन्डसेमला फार दिवस उरत नाहीत.

११. एन्डसेम आणि त्यानंतर

परीक्षा फॉर्मची तारीख नोटीस बोर्डवर लागते, व्हॉट्सअपवर उशिरा येते, आणि लेट फी लगेच चालू होते. फॉर्ममधले विषयांचे कोड स्वतः जुळवून बघा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. ॲडमिट कार्डवर नाव, फोटो, विषय तपासा, चूक असेल तर पेपरच्या आधी ऑफिसला अर्ज द्या आणि त्या अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या.

पेपरात पहिली दहा मिनिटं आठही प्रश्न वाचा आणि पाच निवडा. ज्यात डायग्राम किंवा न्यूमेरिकल आहे ते आधी घ्या.

रिझल्टमध्ये बॅक लागली तर त्याच दिवशी दोन तारखा शोधा, एक रिव्हॅल्युएशनची आणि एक बॅकच्या फॉर्मची. रिव्हॅल्युएशनची मुदत कमी असते आणि निकाल कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका, बॅकचा फॉर्म वेगळा भरून टाका. मॅथ्स-वनची बॅक असेल तर मॅथ्स-टू चालू असतानाच तिचा रोज थोडा अभ्यास ठेवा, दोन्ही पेपर जवळजवळ येतात.